तुलूझमध्ये दुपारचं जेवण: गल्लीतल्या फ्रेंच बेकरीत रोज खाणं परवडतं का?

पुणेरी_प्रवासी

मंडळी नमस्कार. पुण्याहून ऑनसाइट आलोय, तुलूझला येऊन आज अठरा दिवस झाले, अजून पाच महिने काढायचेत. ऑफिस ब्लान्याकच्या बाजूला, घर सँ सिप्रियाँमध्ये, बायको सोबत आहे. ऑफिस छोटं आहे त्यामुळे कँटीन नाही, आणि बाहेर जेवायचं म्हटलं की साधा प्ला द्यु जूर, म्हणजे त्या दिवसाचा ठरलेला पदार्थ, तो पण १५ युरोच्या आसपास जातो, मनातल्या मनात रुपये करायची सवय अजून सुटली नाहीये त्यामुळे रोज रोज ते जिवावर येतं.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक बेकरी आहे. डावीकडे ब्रेड, मधे केक-पेस्ट्री, आणि उजवीकडे काचेच्या कपाटात शिजवलेले पदार्थ ट्रे भरभरून मांडलेले, वर बूलांजरी (ब्रेडचं दुकान) आणि त्रेतर (तयार शिजवलेल्या पदार्थांचं दुकान) असं दोन्ही लिहिलंय. बाहेर खडूने पाटीवर लिहिलेलं असतं की फॉर्म्युल मिदी ९.५० युरो, म्हणजे सँडविच किंवा कीश (अंडं-सायीचं सारण भरलेला खारा टार्ट), एक ड्रिंक, एक गोड. साडेबाराला तिथे रांग दारातून बाहेर फुटपाथवर येते, सगळे आजूबाजूचेच दिसतात, रंगकाम करणारे, शाळेतल्या बाई, म्हाताऱ्या आज्या, सगळे. म्हणजे चांगलंच असणार.

परवा मी पण रांगेत उभा राहिलो, नंबर आला तेव्हा मागे पंधरा माणसं, काउंटरवरच्या बाई भराभर बोलत होत्या, मी गडबडलो आणि एका कीशकडे बोट दाखवलं, घरी येऊन बघतो तर त्यात मांसाचे गुलाबी तुकडे. मी चिकन, मासे, अंडं खातो, बीफ आणि पोर्क नाही खात. बायको शाकाहारी, तिला अंडं चालतं. ती कीश शेवटी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि आम्ही घरी मॅगी केली, त्या दिवशी फार वाईट वाटलं, साडेचार युरो गेले त्याचं नाही एवढं, पण सगळं समोर मांडलेलं असून आपल्याला काही घेता येत नाही याचं.

तर विचारायचं असं की हे फॉर्म्युल खरंच स्वस्त पडतं का, त्या उजवीकडच्या कपाटातलं वजनावर घेतात का, गरम करून देतात का, आणि कशात काय असतं हे ओळखायचं कसं. जे तिकडे राहतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, घाई नाही.

गारोनकाठची

पुणेरी दादा, स्वागत. मी अकरा वर्षं इथे आहे, आणि सँ सिप्रियाँमध्येच पहिली चार वर्षं काढली त्यामुळे तुमचा कोपरा डोळ्यासमोर आला. तुमची बेकरी नेमकी कोणती ते विचारत नाही पण रांगेत रंगकाम करणारे लोक उभे असतील तर निर्धास्त जा, ज्याला दुपारी परत उभं राहून काम करायचंय तो माणूस पोट भरल्याशिवाय त्या दुकानात दुसऱ्यांदा येत नाही.

आधी रांगेचं सांगते कारण सगळी भीती तिथेच असते. नंबर आला की काहीही मागायच्या आधी बोंजूर म्हणायचं, आणि समोरच्या बाईंचं बोंजूर येईपर्यंत थांबायचं. आपल्याकडे दुकानात गेल्यावर सरळ "अर्धा किलो द्या" म्हणतो त्यात काही वावगं नसतं, इथे मात्र ते उद्धट वाटतं आणि मग त्या बाई भराभर बोलायला लागतात. बोंजूर झालं की त्या थांबतात, तुम्हीही मग शांतपणे विचारा. "सेताक्वा?" हे दोन सेकंदांचं वाक्य पाठ करा, याचा अर्थ यात काय घातलंय. मागे पंधरा माणसं असली तरी विचारायचं, इथे प्रत्येक जण विचारतो, ब्रेड जास्त भाजलेला हवा की कमी भाजलेला यावर माझ्या पुढच्या आजी एक मिनिट बोलतात आणि कुणी हूं की चूं करत नाही.

मग त्या विचारतील "स्युर प्लास" की "आ आंपोर्ते", म्हणजे इथे खाणार की नेणार. आणि तुलूझ आहे म्हणून एक खास गोष्ट, त्या "पॉश" हवी का विचारतील. पुस्तकातल्या फ्रेंचमध्ये पॉश म्हणजे खिसा, मी पहिल्या वर्षी माझ्या जॅकेटचे खिसे चाचपून बघितले होते, पण या भागात पिशवीला पॉश म्हणतात. तसंच ज्याला सगळं जग पँ ओ शोकोला म्हणतं त्याला इथे शोकोलातीन म्हणायचं, आणि ही लोकं याबाबतीत फार हळवी आहेत, तुम्ही शोकोलातीन म्हणालात की चेहरा खुलतो त्यांचा.

आता माल. बूलांजरी हा शब्द पाटीवर कुणालाही लिहिता येत नाही, १९९८ चा कायदा आहे, पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं जिथे त्याच जागी होतं तेच दुकान तो शब्द लावू शकतं, गोठवलेला गोळा आणून नुसता भाजणाऱ्याला ते नाव घेता येत नाही. आणि त्यातही "त्रादिस्यों" मागा, म्हणजे पारंपरिक पद्धतीचा बागेत, तो लांब काठीसारखा फ्रेंच ब्रेड. १९९३ च्या नियमाने त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, फार तर किंचित शेंगांचं, सोयाचं किंवा माल्टचं पीठ, वरून कसलं ॲडिटिव्ह नाही आणि कुठल्याही टप्प्यावर फ्रीझ करायचं नाही. साध्या बागेतपेक्षा वीस-तीस सेंट जास्त जातात पण वरचं कवच कडक आणि आत ओलसर, भोकंभोकं असलेला. माझं सांगणं असं की सँडविच घेताना ते त्रादिस्योंमध्ये आहे का एवढं बघा, कारण आत जे भरलंय ते थोडंच असतं, तुम्ही खरं तर ब्रेडच खात असता.

पण एक लक्षात ठेवा, तो कायदा फक्त ब्रेडपुरता आहे. क्रोआसाँ, कीश, केक हे बाहेरून गोठवलेले आणून तिथे भाजले तरी पाटी तीच राहते, आणि अशी दुकानं पुष्कळ आहेत. त्रेतरच्या कपाटात जर छोटंसं घराचं चिन्ह दिसलं, ज्याचं छप्पर म्हणजे पातेल्याचं झाकण असतं, ते "फे मेजों", म्हणजे कच्च्या मालापासून तिथेच केलेलं. २०१४ पासून आहे ते. चिन्ह नसलं तर सरळ विचारा, जो स्वतः करतो तो अभिमानाने सांगतो, कधी कधी आतून हात पुसत स्वतः बाहेर येऊन सांगतो.

मी आठवड्यातून दोनदा तरी असंच जेवते. काल घेतलं होतं ते सांगते, प्वारो म्हणजे लीकची कीश, त्यांनी गरम करून दिली, दीडशे ग्रॅम किसलेल्या गाजराची कोशिंबीर, आणि अर्धी त्रादिस्यों. ती कोशिंबीर खाताना मला दर वेळी आईची गाजराची कोशिंबीर आठवते, फक्त दाण्याचं कूट नाही आणि फोडणी नाही, लिंबू किंवा व्हिनेगर, तेल, थोडी मोहरीची पेस्ट. घरून डब्यात दाण्याचं कूट नेऊन वर घालते मी, माझ्या ऑफिसातल्या दोघी तिघी आता ते मागून घेतात.

हिरवी_मिरची

ताईंनी फार छान लिहिलंय. मी शाकाहारी आहे, अंडं खाते, सात वर्षं नैऋत्य फ्रान्समध्ये, आधी बोर्दो मग तुलूझ. बायकोसाठी हे नीट वाचा कारण इथे सगळ्यात मोठी अडचण ही आहे की मांस असल्याचं नावात येतच नाही.

ते गुलाबी तुकडे म्हणजे लार्दों, डुकराच्या मांसाचे. कीश लोरेन म्हटलं की लार्दों असणारच. क्रोक-मस्य म्हणजे चीज घालून भाजलेलं सँडविच, त्यात हॅम, क्रोक-मादाम मध्ये तेच अधिक वर अंडं, म्हणजे अंडं दिसलं म्हणून शाकाहारी समजू नका. फ्रियाँ नावाचा जो पफसारखा दिसतो, आपला व्हेज पॅटीस वाटतो अगदी, त्यात सॉसेजचं मांस. जांबों, रोझेत, सोसिसों, चोरिझो हे सगळं पोर्क. रियेत पण पोर्क, किंवा बदक. सेझार सॅलडच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासा असू शकतो. मसूर डाळीचं थंड सॅलड बघून माझा जीव भरून आला होता पहिल्यांदा, दोन घास खाल्ले आणि मग लार्दों लागले दाताखाली.

आणि तुलूझकडची गोष्ट म्हणजे बदक. सालाद लांदेज किंवा सालाद द्यु स्युद-वेस्त दिसलं तर त्यात बदकाचं मांस आणि पोटातले भाग असतात. त्याहून फसवं म्हणजे भाजलेले बटाटे, वर लसूण कोथिंबिरीसारखी पार्सली, दिसायला अगदी आपली काचऱ्यांची भाजी, नाव सार्लादेज, ते बदकाच्या चरबीत परततात. मी एक वर्षभर खात होते, कुणी सांगितलंच नाही, आणि मी विचारलंही नव्हतं कारण बटाट्यात काय असणार असं वाटलं. म्हणून आता बटाटा दिसला तरी विचारते.

"व्हेजेतारियँ" एवढंच म्हणू नका, बऱ्याच जणांना त्यात मासा चालतो असं वाटतं आणि तुम्हाला प्रेमाने तों म्हणजे ट्यूनाचं सँडविच देतात. "साँ व्यांद नी प्वासों" म्हणा, मांस नको आणि मासाही नको. दादा तुमच्यासाठी "इल या द्यु पोर ददाँ?" म्हणजे यात पोर्क आहे का. बीफला बफ म्हणतात.

मग खायचं काय, तर पुष्कळ आहे. शेव्र म्हणजे बकरीच्या दुधाचं चीज आणि मध असलेला टोस्ट किंवा सँडविच. पालक-शेव्रचा फयते, हा खरा पॅटीस. टोमॅटो-मोझारेला. प्वारोची कीश, भाज्यांची कीश. कपाटातलं ताबुले, म्हणजे बारीक दलियासारखा कुसकुस, टोमॅटो, पुदिना, लिंबू, उन्हाळ्यात मी त्यावर जगते. रातातुई, म्हणजे शिजवलेल्या मिश्र भाज्या. आणि ग्रातँ दोफिन्वा, नुसते बटाट्याचे काप, साय आणि दूध आणि लसूण, ओव्हनमध्ये तासभर, त्यात अंडंसुद्धा नसतं सहसा. थंडीच्या दिवसात दुपारी गरम ग्रातँ आणि बाजूला हिरवी पानं, एवढं खाऊन माझं पोट संध्याकाळपर्यंत भरलेलं राहतं. सेलरी रेमुलाद पण छान, सेलरीच्या कंदाचा कीस मेयोनेजमध्ये, मोहरीची झणझण असते त्यात, तिखटाची तहान थोडी भागते.

गोडात फ्लां घ्या, दूध अंडी आणि कॉर्नफ्लोरसारखं स्टार्च, आपल्या घट्ट कस्टर्डचा जाड तुकडा समजा. सफरचंदाचा टार्ट, एक्लेर, हेही चालतं. मूस, बाव्हार्वा, थर थर असलेले चकचकीत केक यात जिलेटीन असतं बरेचदा. आणि चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, हा वेगळा विषय, कोंते किंवा कामाँबेर द नॉर्मांदी यांना जनावराचंच रेनेट लागतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ते टाळावं, आमच्या घरी यावर मतभेद आहेत, मी खाते, सासूबाई आल्या की आणत नाही.

सुपाएरोचा_विद्यार्थी

मी पैशाचं सांगतो कारण दोन वर्षं पै पै मोजून काढलीयेत इथे. शिकत होतो तेव्हा क्रूसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी कँटीनमध्ये ३.३० युरोत स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड मिळायचं, त्यामुळे बेकरीत ९.५० देताना हात थरथरायचा. आता नोकरी आहे पण हिशोबाची सवय राहिली.

फॉर्म्युल नेहमी स्वस्त असतं हा गैरसमज आहे. माझ्या घराखालच्या बेकरीचे भाव घ्या, सँडविच ५.२०, ड्रिंक २, गोड ३.२०, एकूण १०.४०, फॉर्म्युल ९.५०. म्हणजे वाचले ९० सेंट. पण ते ड्रिंक तुम्हाला हवंच असेल तर. नळाचं पाणी इथलं उत्तम आहे, बाटली घरून भरून न्या, मग सँडविच अधिक गोड सुटं घेतलं तर ८.४०, फॉर्म्युलपेक्षा एक युरो दहा सेंट कमी. आणि गोड रोज खायची गरज नसेल तर ५.२० मध्ये विषय संपला. फॉर्म्युल घ्यायचंच असेल तर त्यात चालणारं सगळ्यात महाग सँडविच आणि सगळ्यात महाग गोड घ्या, फळांचा टार्ट बहुतेक वेळा त्यात बसतो, साधी कुकी घेतली तर तुमचं नुकसान.

पण खरा फायदा उजवीकडच्या कपाटात आहे. हो, वजनावर मिळतं, किलोचा भाव चिठ्ठीवर लिहिलेला असतो आणि तो बघून लोकं घाबरतात. आमच्याकडे ग्रातँ १६ युरो किलो. पण एका माणसाला २०० ग्रॅम पुरतो, ३.२० झाले. गाजर १२ युरो किलो, दीडशे ग्रॅम म्हणजे १.८०. अर्धी बागेत मागितली तर अर्धी कापून देतात, ६५ सेंट. एकूण ५.६५ मध्ये गरम जेवण, कोशिंबीर, ताजा ब्रेड. वर फ्लां घेतला २.८० चा तरी ८.४५. फक्त ग्रॅम सांगायला शिका, "द्यू साँ ग्राम" म्हणजे २००. नुसतं "थोडं द्या" म्हणालात तर त्या मोठा चमचा भरून घालतात आणि डब्यात साडेतीनशे ग्रॅम होतं, मग तो भाव लागतो.

अजून एक, तुमच्या कंपनीकडून तिके रेस्तो म्हणजे जेवणाचं कार्ड मिळतं का ते एचआरला विचारा. इथल्या पेरोलवर असाल तर त्यातली ५० ते ६० टक्के रक्कम कंपनी भरते, दिवसाला २५ युरोपर्यंत वापरता येतं, आणि बहुतेक बेकऱ्या घेतात. रविवारी सहसा चालत नाही. तुम्ही भारतातल्या पेरोलवर असाल तर मिळणार नाही बहुधा, पण विचारायला काय जातं.

संध्याकाळी दुकान बंद होताना टू गुड टू गो ॲपवर उरलेल्या मालाची पिशवी चारेक युरोत मिळते. पण आत काय येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे तुमच्या घरी शाकाहार आहे तर मी ते फक्त ब्रेड आणि पेस्ट्रीच्या दुकानातून घेईन, त्रेतर असलेल्या दुकानातून नाही.

डबाप्रेमी

सगळ्यांचं वाचलं, सगळं बरोबर आहे, तरी मी थोडं वेगळं सांगणार. रोज नका खाऊ. मी आल्यावर पहिले चार महिने रोज सँडविच खाल्लं, चव उत्तम, ब्रेडबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, पण दुपारी थंड आणि कोरडं जेवण आपल्या पोटाला झेपत नाही, मला तरी नाही झेपलं. ॲसिडिटी झाली, आणि त्याहून म्हणजे तीन वाजता परत भूक. आपलं जेवण वरण भात पोळी भाजी, त्यातल्या डाळीने जे पोट धरून राहतं ते मैद्याने नाही राहत.

मी आता आठवड्यात तीन दिवस डबा नेतो आणि दोन दिवस बेकरी. कोबीची भाजी आणि पोळी नेतो, कुणी नाक मुरडत नाही, वासाची फार चिंता करू नका. फक्त डेस्कवर बसून खाऊ नका, इथे कामगार कायद्यातच आहे की सहसा कामाच्या जागी जेवू द्यायचं नाही, कंपनीने जेवायला जागा द्यायची असते, त्यामुळे छोट्या ऑफिसातही एक टेबल, मायक्रोवेव्ह असं काहीतरी असतंच. तिथे बारा ते दोन मध्ये सगळे येऊन बसतात आणि तासभर बोलत जेवतात. ही गोष्ट मला या देशाची सगळ्यात जास्त आवडली. पहिल्या महिन्यात मी स्क्रीनसमोर घास गिळत होतो, माझ्या टीममधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने येऊन माझा डबा उचलला आणि टेबलावर नेऊन ठेवला, काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची ओढून दिली. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

गारोनकाठची

डबाप्रेमी काका, थंड खायचंच कशाला? कीश, ग्रातँ, क्रोक सगळं गरम करून देतात. "रेशोफे" एवढा एक शब्द म्हणायचा. ओव्हन असेल तर ओव्हनमध्येच करायला सांगा, मायक्रोवेव्हमध्ये कीशचं खालचं कवच मऊ पडतं, रबरासारखं होतं. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी तर थंडच घरी आणा आणि १६० डिग्रीला दहा मिनिटं ठेवा, दुकानातल्यापेक्षा छान लागते.

डाळीचं मात्र पटलं. मी म्हणून घरून उकडलेल्या मसुराचा छोटा डबा नेते आणि बेकरीतून फक्त ब्रेड आणि कोशिंबीर घेते कधी कधी.

आणि दादा, तुम्ही लिहिलंत ना की सगळं समोर असून घेता येत नाही याचं वाईट वाटलं, ते वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आपण इथले नाही, आपल्याला यातलं कळत नाही, असं वाटतं. पण ही ब्रेडची विद्या कुणाच्या जन्माची नाही हो. पॅरिसमध्ये दरवर्षी सर्वोत्तम त्रादिस्यों बागेतची स्पर्धा होते, जिंकणारा वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे पॅलेसला ब्रेड पुरवतो. २०२३ ला ती कुणी जिंकली माहितीये का, थर्शन सेल्वराजा यांनी, श्रीलंकेहून आलेले तमीळ गृहस्थ, पॅरिसच्या विसाव्या आराँदिस्माँमध्ये (विभागात) त्यांची बेकरी. त्या बातमीच्या दिवशी माझ्या बेकरीवाल्याने मला स्वतःहून ती सांगितली, तुमच्या बाजूचा माणूस जिंकला म्हणाला, मला फार भरून आलं.

पुणेरी_प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी वेळ काढून लिहील असं वाटलं नव्हतं. आठवडाभर करून बघितलं, आता रिपोर्ट देतो.

सोमवारी गेलो तर बंद. दारावर चिठ्ठी होती की सोमवारी सुट्टी. मंगळवारी पावणेबाराला गेलो, म्हणजे रांगेच्या आधी, पुढे फक्त एक आजोबा होते. बोंजूर म्हणालो आणि थांबलो. ताई, फरक पडला, अगदी खरंच पडला, बाई हसल्या आणि हळू बोलायला लागल्या. मी सेताक्वा म्हणत म्हणत अख्खं कपाट विचारून घेतलं, त्यांनी एकेक ट्रेवर बोट ठेवून सांगितलं, पोर म्हणजे पोर्क, परत पोर, कानार म्हणजे बदक, आणि मग ज्यात काही नाही त्यावर "सा, वी" म्हणजे हे चालेल असं म्हणत गेल्या. बायकोने सगळं वहीत लिहून घेतलं. घराचं चिन्ह गाजर, ग्रातँ आणि कीशवर होतं, क्रोआसाँचं विचारलं तर म्हणाल्या ते बाहेरून येतात, लपवलं नाही काही.

घेतलं ते असं. २०० ग्रॅम ग्रातँ, १५० ग्रॅम ताबुले, एक पालक-शेव्रचा फयते, माझ्यासाठी पुले-क्रुदिते म्हणजे चिकन आणि कच्च्या भाज्यांचं सँडविच त्रादिस्योंमध्ये, आणि दोघांत एक फ्लां. एकूण १६.९० झाले, म्हणजे माणशी साडेआठच्या आत, आणि त्यातलं अर्धं ताबुले संध्याकाळसाठी उरलं. बायकोने ग्रातँवर लाल तिखट भुरभुरलं आणि पहिल्यांदा या देशातलं जेवण पोटभर जेवली. अठरा दिवस ती नुसती भात आणि दही खात होती, मला त्याची काळजी लागून राहिली होती, आता थोडं हलकं वाटतंय.

शुक्रवारी ऊन होतं तर सगळं घेऊन प्रेरी दे फिल्त्रवर गवतात जाऊन बसलो, समोर गारोन नदी आणि जुना पूल, आजूबाजूला ऑफिसवाले, पोरं, सगळे मांडीवर कागद उलगडून जेवत होते. वाऱ्याने कागदी पिशवी दोनदा उडाली. डबाप्रेमी काका तुमचं पण ऐकलंय, ऑफिसला तीन दिवस पोळी भाजीच नेणार. कार्डाचं एचआरला विचारलं, भारतातल्या पेरोलवर असल्याने नाही मिळणार, ठीक आहे.

एकच प्रश्न राहिला, सोमवारी काय करायचं?

हिरवी_मिरची

तो वाऱ्याचा प्रकार म्हणजे ओताँ, दक्षिणपूर्वेकडून येतो, तुलूझला वारंवार असतो आणि दोन तीन दिवस टिकतो. पिशवीवर पाण्याची बाटली ठेवत जा. बायकोचं वाचून फार आनंद झाला, त्यांना सांगा ताबुलेवर लिंबू पिळून हिरवी मिरची बारीक चिरून घाला, मिरची सँ सिप्रियाँच्या भाजी मार्केटमध्ये शोधा, नाही मिळाली तर आशियाई दुकानात नक्की.

गारोनकाठची

सोमवारचं सोपं आहे. बेकरीला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचा नियम बऱ्याच जिल्ह्यांत असतो पण सगळ्यांचा वार एकच नसतो, तुमची सोमवारी बंद तर दोन गल्ल्या पलीकडची बुधवारी बंद असेल. एकदा पायी फिरून दारांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा. ऑगस्टमध्ये पण बघा, तीन तीन आठवडे सुट्टीवर जातात, तेव्हा जुलैच्या शेवटी काउंटरवर विचारून घ्या की तुम्ही नसताना आम्ही कुठे जायचं, त्या स्वतः नाव सांगतात.

आणि शनिवारी सकाळी वेळ असला तर फेनेत्रा आहे का विचारा, बदाम, जर्दाळू आणि लिंबाच्या पाकवलेल्या सालीचा टार्ट, इथलाच आहे, तुलूझबाहेर फारसा दिसत नाही. दोघांत एक तुकडा पुरतो.

डबाप्रेमी

सोमवारी डबा न्या.